बीडी १३९-१४० मिळाले नाहीत, तर हेडफोन अ‍ॅम्पला काय लावायचं?

भाऊ, तुमच्या सर्किटमध्ये ऑप-अ‍ॅम्पनंतर (सिग्नल वाढवणारी चिप) आउटपुटला बीडी १३९-१४० (BD139-140) या ट्रान्झिस्टरची जोडी आहे, सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट, हेडफोन ३२ ओहमचा. नागपूरच्या बर्डीत जोडी मिळाली नाही. घरी बीसी ५४७-५५७ आणि बीसी ३३७-३२७ हे छोटे ट्रान्झिस्टर आहेत, दुकानदार टिप ३१-३२ (TIP31-32) हे मोठे देतोय. यातलं काय चालेल, असं तुम्ही विचारलंय.

५४७ आउटपुटला लावूच नका. तो १०० मिलिअँपचा. १२ भागिले ३२ केलं की ३७५ मिलिअँप येतात. इतके रोज लागत नाहीत, पण एकदा व्हॉल्यूम पूर्ण फिरला की तो गेला.

३३७-३२७ ला ८०० मिलिअँप झेपतात, म्हणून कागदावर ते पास होतात. खरा प्रश्न उष्णतेचा आहे. त्यांचे ६२५ मिलिवॅट २५ अंशाला मोजलेले असतात. पुढे दर अंशाला ५ मिलिवॅट कमी होतात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच ४५, बंद डब्यात ५५ धरा. उरले ४७५. आता ४० मिलिअँपचा बायस, म्हणजे आवाज नसतानाही वाहणारा करंट, ठेवला तर काही न वाजवताच प्रत्येक ट्रान्झिस्टर १२ गुणिले ४०, म्हणजे ४८० मिलिवॅट जाळतो. मी हीच जोडी डिसेंबरात लावली होती. हिवाळाभर सुरेख वाजली, उन्हाळ्यात एक बाजू जळाली. बायस १५ मिलिअँपवर आणा, १८० मिलिवॅट होतात, मग निर्धास्त वापरा. एमिटरला १० ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावर १५० मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत.

ते १० ओहम कमी करू नका. ट्रान्झिस्टर बायस ठरवणाऱ्या डायोडपेक्षा २० अंश जास्त तापला तर बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे ४० मिलिव्होल्टने उतरतं. १० ओहमवर करंट फार तर ४ मिलिअँप वाढतो. १ ओहमवर तो कितीतरी जास्त वाढतो, त्याने ट्रान्झिस्टर आणखी तापतो, आणि हे चक्र थांबत नाही. डायोड ट्रान्झिस्टरला चिकटवूनच ठेवा.

एक अडचण पायांची. सपाट बाजूने पाहिलं तर ३३७ चा मधला पाय बेस, बीडी १३९ चा मधला कलेक्टर. पाय ओलांडावे लागतील, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून स्लीव्ह घाला.

टिप ३१-३२ उष्णतेला दणकट आहेत, आणि तुमच्या जागी मी तेच घेईन. बीडी १३९ समोरून एमिटर-कलेक्टर-बेस, टिप बेस-कलेक्टर-एमिटर. पाठ फिरवून बसवला की पाय त्याच भोकांत जातात, किंचित वाकवावे लागतात एवढंच. मागचा धातू कलेक्टरला जोडलेला असतो, तेव्हा दोघांना एकच हीटसिंक असेल तर वीज अडवायला मधे मायकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश हवाच. मात्र टिप संथ आहेत. ऑप-अ‍ॅम्पच्या फीडबॅकमध्ये ते कधीकधी ऑसिलेट होतात, म्हणजे सर्किट आपोआप ऐकू न येणारा सिग्नल तयार करू लागतं: आवाज नाही, तरी ट्रान्झिस्टर गरम. तसं झालं तर प्रत्येक बेसला ४७ ओहम सिरीजमध्ये टाकून बघा.

काहीही लावलं तरी आधी हेडफोनच्या जागी ३३ ओहमचा रेझिस्टर जोडा, अर्धा तास चालू ठेवा आणि त्यावरचं डीसी व्होल्टेज मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच हेडफोन लावा. आणि हे दुपारी करा, कूलर बंद ठेवून.