आइसलँड, युरो २०१६ आणि सहा वर्षांच्या पोरांचे कोच

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, सव्वातीन-साडेतीन लाख लोकवस्तीच्या आइसलँडने २०१६ च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेत, इंग्लंडला घरी पाठवलं ते नशिबाने की त्यामागं काही होतं, आणि दुसरं, एकट्या कोल्हापूर शहरात त्यापेक्षा जास्त माणसं राहतात, पेठेपेठेत फुटबॉल आहे, मग आपल्याकडं असं का घडत नाही. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच दडलंय म्हणून आधी आइसलँडचंच सांगतो, जरा लांबेल, वेळ काढून वाच.

मी ही टीम २०१३ च्या नोव्हेंबरपासून बघतोय. २०१४ च्या वर्ल्डकपसाठी त्यांचा प्लेऑफ, म्हणजे पात्रतेचा शेवटचा टप्पा, क्रोएशियाशी होता. घरची मॅच ०-० सोडवली, झाग्रेबला क्रोएशियाच्या मांझुकिचला पहिल्या हाफमध्येच रेड कार्ड मिळालं तरी २-० ने हरले. मॅच संपल्यावर आयडुर गुडजॉनसन, चेल्सी आणि बार्सिलोनाला खेळलेला माणूस, कॅमेऱ्यासमोर रडत सांगत होता की देशासाठी ही बहुतेक माझी शेवटची मॅच. हाच आयडुर १९९६ साली एस्टोनियाच्या टॅलिनमध्ये पहिल्यांदा देशासाठी उतरला तेव्हा सब्स्टिट्यूट म्हणून ज्याच्या जागी आला तो त्याचा स्वतःचा बाप होता. तर असला माणूस वर्ल्डकपच्या उंबऱ्यावरून परत गेला हे बघून मला फार लागलं, आणि तेव्हापासून मी या टीमचं मिळेल ते वाचायला लागलो.

आता मूळ मुद्दा. तिथला हिवाळा म्हणजे दिवसाचे चार-पाच तास उजेड, बाकी अंधार, वर वारा असा की बॉल जागेवर ठरत नाही. जुन्या पिढीतले प्लेअर खडीच्या मैदानावर शिकले, आणि गवतावरचा सीझन उन्हाळ्यातले काही महिने. २००० साली केफ्लाविकला पहिला फुल साइज इनडोअर हॉल झाला, आत आर्टिफिशियल टर्फ, वर छप्पर. मग एकेका गावाने असे हॉल बांधायला घेतले, बहुतेक पैसा नगरपालिकांचा. शाळांच्या शेजारी छोटी टर्फ मैदानं टाकली, ती शंभराच्या वर गेली, शाळा सुटली की पोरं तिथंच.

पण हॉल ही निम्मीच गोष्ट आहे, आणि बाहेरचे लोक नेमके तिथंच थांबतात. खरं काम कोचिंगचं झालं. फुटबॉल असोसिएशनने कोचेसचे कोर्स इतके सहज उपलब्ध केले की २०१६ पर्यंत युएफाचं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचं, बी लायसन्स असलेले कोच सहाशेच्या आसपास झाले. एवढ्याशा देशात! आणि ते फक्त मोठ्या टीमना नाहीत, सहा-सात वर्षांच्या पोरांनासुद्धा लायसन्सवाला कोच, तोही पगारी. जगात बहुतेक ठिकाणी या वयाची पोरं कुणाच्या तरी बाबांच्या हवाली असतात. शिवाय पोरं मुळात कमी, त्यामुळे 'याला जमत नाही, काढा' ही चैन त्यांना परवडतच नाही. जो आला त्याला शिकवायचं, आणि मुलींनाही तसंच. लोक विसरतात, पण आइसलँडच्या बायकांची टीम पुरुषांच्या सात वर्षं आधी, २००९ लाच युरो खेळली होती, आणि २०१३ ला क्वार्टर फायनलपर्यंत गेली.

त्या हॉलमध्ये वाढलेली पोरं पहिल्यांदा दिसली २०१० ला. अंडर-२१ च्या क्वालिफायरमध्ये त्यांनी जर्मनीला ४-१ हरवलं आणि पुढच्या वर्षी डेन्मार्कला अंडर-२१ चा युरो खेळायला गेली. गिल्फी सिगुर्डसन, आरोन गुन्नारसन, कोल्बेन सिगथॉरसन, बिर्किर ब्यार्नासन ही नावं त्याच बॅचची. (सगळे 'सन' दिसतात कारण तिथं बहुतेकांना आडनावच नसतं, बापाचं नाव पुढं लावतात, आपण मधे लावतो तसं. गिल्फी आणि टीममधलाच रॅग्नार दोघं सिगुर्डसन असले तरी भाऊ नाहीत.) २०११ च्या शेवटी स्वीडनचा लार्स लागरबेक कोच म्हणून आला, सोबतीला हेमिर हॅलग्रिमसन, जो धंद्याने दातांचा डॉक्टर आणि त्याआधी आपल्या बेटावर बायकांची टीमसुद्धा शिकवलेला. २०१२ ला फिफा रँकिंग १३१ होतं. तिथून युरोच्या क्वालिफायरमध्ये नेदरलँड्सला घरी २-० आणि ॲमस्टरडॅमला १-०, दोन्हीकडं हरवलं. हे एका रात्रीत होत नाही.

हेमिरची एक गोष्ट मला फार आवडते. घरच्या मॅचआधी तो रेकयाविकच्या एका पबमध्ये जायचा, जिथं 'तोल्फान' म्हणजे बारावा माणूस नावाचा फॅन क्लब जमतो, आणि त्यांना टीम कोणती खेळणार, प्लॅन काय, सगळं सांगायचा, प्रेसला कळायच्या आधी. तिथं बसलेल्या एकानेही ते कधी बाहेर फोडलं नाही. कोच आणि पब्लिक यांच्यात एवढा विश्वास मोठ्या देशात शक्यच नाही. लहान असण्याचा हा खरा फायदा.

आता इंग्लंडची मॅच, नीस, २७ जून. आपल्याकडं रात्रीचे साडेबारा, मी घरात आवाज बंद करून बघत होतो. चौथ्या मिनिटाला इंग्लंडच्या रूनीची पेनल्टी, १-०. मला वाटलं आता मार खाणार. सहाव्या मिनिटाला उजवीकडून थ्रो-इन. आरोन गुन्नारसन, कॅप्टन, लहानपणी हँडबॉल खेळलेला, त्याचा थ्रो म्हणजे कॉर्नरच समज. बॉल पार बॉक्समध्ये, तिथं कारी आर्नासनने डोक्याने नुसता मागं ढकलला, आणि मागून रॅग्नार सिगुर्डसन इंग्लंडच्या वॉकरच्या पुढं घुसला आणि आत. हाच गोल, अगदी हाच, आरोनचा थ्रो, कारीचं डोकं आणि मग फिनिश, पाच दिवसांपूर्वी ऑस्ट्रियावर झाला होता, फक्त शेवटचा पाय योन दादीचा होता. म्हणजे इंग्लंडला माहीत होतं तरी थांबवता आलं नाही, कारण समोरच्यांनी तो शेकडो वेळा घोटलेला होता. अठराव्या मिनिटाला कोल्बेनचा शॉट इंग्लंडचा गोलकीपर जो हार्ट याच्या हाताला लागून आत गेला, २-१, आणि उरलेला सव्वा तास डिफेन्स आणि मिडफील्डच्या दोन ओळी अशा बांधून उभ्या राहिल्या की इंग्लंडला धड चान्स मिळेना. त्या रात्री आइसलँडमध्ये जेवढे टीव्ही चालू होते त्यातल्या ९९.८ टक्क्यांवर हीच मॅच होती.

नशिबाचं विचारलंस तर नशीब कुठं साथीला आलं तेही सांगतो. ऑस्ट्रियाने पेनल्टी पोस्टवर मारली. पण हंगेरीविरुद्ध ८८ व्या मिनिटाला स्वतःच्याच सेवारसनकडून ओन गोल होऊन जिंकत आलेली मॅच १-१ झाली, मग नशीब दोन्हीकडून मोज. पोर्तुगालला १-१ वर अडवलं तेव्हा रोनाल्डो चिडून म्हणाला की यांची मेंटॅलिटीच छोटी आहे. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

कमतरताही होती, लपवत नाही. पाचही मॅचना अगदी तेच अकरा जण सुरुवातीला उतरले. एकमेकांची सवय इतकी की न बघता पास, पण मागं तेवढ्या ताकदीचे प्लेअर नव्हतेच, आणि क्वार्टर फायनलला फ्रान्ससमोर पाय संपलेले स्पष्ट दिसत होते, हाफटाइमला ४-०. तरी दुसरा हाफ त्यांनी २-१ ने घेतला, ३७ वर्षांचा आयडुर शेवटी आत आला, आणि ५-२ हरल्यावर स्टेडियममधले त्यांचे लोक निळे शर्ट घालून टाळ्या वाजवत उभेच. २०१८ ला वर्ल्डकपलाही गेले, तिथं हानेसने मेस्सीची पेनल्टी अडवली, तो गोलकीपर पूर्वी फिल्म डिरेक्टर होता. त्यानंतर मात्र ती पिढी थकली. २०२० च्या नोव्हेंबरला बुडापेस्टमध्ये युरोच्या प्लेऑफला ८८ व्या मिनिटापर्यंत पुढं असताना हंगेरीकडून हरले आणि युरो गेला, तेव्हापासून पुरुषांची टीम एकाही मोठ्या स्पर्धेला पोचलेली नाही. वर्ल्डकपला पोचलेला सगळ्यात छोटा देश हा मान आता क्युरासाओकडं गेलाय, पण त्यांचे जवळपास सगळे प्लेअर नेदरलँड्समध्ये जन्मून तिथंच तयार झालेत, त्यामुळे तुझ्या प्रश्नाला आइसलँडच जास्त जवळचं.

आता कोल्हापूर. मी आठ वर्षं लहान पोरांना शिकवतोय. सुरुवात केली त्या ग्राउंडवर दहा वर्षांखालची चाळीस पोरं आणि बॉल चार. सीनिअर टीमच्या कोचला मानधन, पोरांकडं मात्र त्या दिवशी जो मोकळा असेल तो सीनिअर प्लेअर. पोरं लाइनीत उभी, एकदा पायाला बॉल लागला की पुन्हा नंबर यायला पाच मिनिटं. मी एकदा घड्याळ लावून एका पोराला तासभर बघितलं, तो अकरा वेळा बॉलला शिवला. तासात अकरा! आवड आपल्याकडं त्यांच्यापेक्षा कमी नाही, तालमींच्या, म्हणजे पेठांतल्या टीमच्या, मॅचला शाहू स्टेडियमवर होणारी गर्दी तू बघतोसच. पण आपण सगळा जीव सीनिअर टीमवर लावतो आणि सहा वर्षांचं पोर वाऱ्यावर. आइसलँडने नेमकं उलटं केलं. दुसऱ्या महिन्यापासून मी लाइन बंद केली, वर्गणी काढून बॉल वाढवले, चार-चारच्या टीम पाडून छोट्या गोलवर खेळवायला लागलो, आणि पुढं स्वतःच्या पैशाने कोचिंगचा कोर्स केला. यातून इंडिया टीम उभी राहील असं मी म्हणत नाही, पण आता तेच पोर तासात शंभरवर वेळा बॉलला शिवतं.

शेवटी तू विचारलंस की एकच मॅच बघायची तर कुठली. सगळे इंग्लंडची सांगतील, मी ऑस्ट्रियाची सांगेन, २२ जून, पॅरिस. स्कोअर १-१, आइसलँडला ड्रॉ पुरतोय, ऑस्ट्रिया सगळी वर चढलेली, ९४ वं मिनिट. बॉल सुटतो, आइसलँडचा एल्मार उजवीकडून अख्खं मैदान पळतो, थकलेला आहे हे पायातून दिसतं, तरी डावीकडं बघून क्रॉस टाकतो आणि अर्नोर घसरत जाऊन आत ढकलतो. मोठ्या स्पर्धेतला पुरुषांच्या टीमचा पहिलावहिला विजय. ती मॅच त्यांच्या कॉमेंट्रीत मिळाली तर बघ, भाषा कळायची गरज नाही, त्या माणसाचा आवाज फाटतो तिथं सगळं कळतं.