‘गर्वाचे घर खाली’ ही म्हण युद्धालाही लागू पडते का?

पडते. फक्त घर खाली येतं तेव्हा ढिगाऱ्याखाली भलतेच सापडतात. १९६२चं चीनयुद्ध घ्या.

नामका चू हा तेव्हाच्या नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) पश्चिम टोकाचा, थागला डोंगराखालून वाहणारा ओढा. आपली ७ वी ब्रिगेड त्याच्या काठाला, खाली. चिनी समोरच्या चढावर. आपल्या खंदकात चहाला आधण ठेवलं तरी वरून दिसावं, अशी जागा. अंगावर सुती कपडे, माणशी जेमतेम पन्नास गोळ्या, विमानातून टाकलेलं बरंचसं सामान दऱ्यांत गेलेलं. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर दळवी यांचं म्हणणं साधं होतं : इथे लढता येणार नाही, मागे उंचावर जाऊ.

१० ऑक्टोबरला ओढ्यापलीकडच्या त्सेंगजाँगला चकमक झाली. दळवींचे वरिष्ठ, कोअर कमांडर बी. एम. कौल तिथेच होते. चिन्यांची ताकद स्वतःच्या डोळ्यांनी बघून ते दिल्लीला गेले, बैठका झाल्या, आणि ब्रिगेड होती तिथेच राहिली. १२ तारखेला कोलंबोला निघताना नेहरूंनी पत्रकारांना सांगितलं, चिन्यांना आपल्या हद्दीतून हुसकावण्याचे आदेश दिलेत.

झालं! दुसऱ्या दिवशी ते पेपरात आलं. आता ‘मागे या’ म्हणणार कोण? सगळं खापर नेहरूंवर फोडून मोकळं होऊ नये. संसदेत आणि पेपरांत तेव्हा एक इंचही सोडू नका हाच सूर होता. त्या गजरात दळवींचं कोण ऐकणार? कौल पुढे आजारी पडून दिल्लीला परतले आणि घरच्या अंथरुणावरून सूत्रं हलवत राहिले. (हे आजही वाचलं की माझं डोकं फिरतं.)

२० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला. काही तासांत ब्रिगेड मोडली. एकट्या २ राजपूत पलटणीचे ५१३ पैकी २८२ जण पडले. दोन दिवसांनी दळवी कैद झाले.

आता दुसरी बाजू. महिन्याभराने लडाखमध्ये रेझांग ला या खिंडीत १३ कुमाऊं पलटणीची एक कंपनी मेजर शैतान सिंगांसोबत जागेवरून हलली नाही. ११४ जण गेले. बर्फ ओसरल्यावर मृतदेह सापडले ते हातात हत्यारं असलेले. त्याला मी गर्व म्हणणार नाही. ती पलटणीची इभ्रत. शेजारचा बघतोय म्हणून माणूस जागा सोडत नाही. दिल्लीतला तो ताठा, त्यात बोलणाऱ्याच्या अंगावर काही येत नव्हतं.

मी सातारा जिल्ह्यातला. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आमच्याकडे बाळकडूसारखं पाजतात. यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले आणि चिनी थांबले, असंच मी कॉलेजात जाईपर्यंत समजत होतो. प्रत्यक्षात २१ नोव्हेंबरला त्यांनी संरक्षण खातं हाती घेतलं, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केलेली होती. त्यांच्या वाट्याला आलं ते मोडलेलं सैन्य परत उभं करणं, आणि पराभवाची चौकशी. त्यातला हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही. गावात मी हे एकदा बोललो होतो; चहा अर्धा टाकून उठून यावं लागलं.