मनानं कच्ची आहे का हो ती?

"ताई, सरावात ती सगळ्यांच्या पुढे असते. शर्यतीत मात्र बंदुकीचा बार झाला की पाय जडच होतात. मनानं कच्ची आहे का हो?" कॅनडातल्या कॅल्गरीतल्या एका मराठी आईचा हा प्रश्न. ओळख पुसून लिहिते आहे, कारण खेळणाऱ्या मुलांचे बहुतेक पालक मला हेच विचारतात.

मुलगी पंधरा वर्षांची. १९८८च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या ओव्हलमध्ये, म्हणजे बर्फाच्या लंबगोल धावपट्टीवर, स्पीड स्केटिंग करते. तिला विचारलं, "'रेडी' म्हटल्यापासून बार होईपर्यंत डोक्यात काय असतं?" बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मागच्या शर्यतीची वेळ. आणि आई वर फोन धरून उभी आहे, ते."

त्या क्षणी पुतळ्यासारखं थांबायचं असतं, हललं की फॉल्स स्टार्ट, म्हणजे सुरुवात चुकली. भीती तिथेच शिरते. अंग ताठरतं आणि स्केटर नकळत उभा होत जातो. या खेळात गुडघे खोल वाकलेले असले तरच बाजूला लांब रेटा बसतो. तिचा वेग जात होता तो इथे. 'कच्चं मन' हा शब्द मी त्या घरातून काढायलाच लावला.

तिला अमेरिकन स्पीड स्केटर डॅन जॅन्सनची गोष्ट सांगितली. १९८८मध्ये याच ओव्हलवर, बहीण ल्युकेमियानं गेली त्याच दिवशी, तो ५०० मीटरमध्ये पडला. चार दिवसांनी १००० मीटरमध्येही. पुढे १००० मीटरची त्याला धास्तीच होती. मानसतज्ज्ञ जिम लोअर यांनी त्याला रोज लिहायला लावलं, 'मला १००० मीटर आवडते.' १९९४च्या लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये, ५००मध्ये पुन्हा हुकल्यावर, त्यानं १००० मीटरमध्ये विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. त्या शर्यतीतही एका वळणावर त्याचा पाय सरकला होता. मुलीनं हे दोनदा विचारून घेतलं.

आम्ही तिच्यासाठी दोनच शब्द ठरवले, तिनेच निवडलेले मराठी शब्द: 'बस', म्हणजे गुडघे वाकवून खाली राहा, आणि 'ढकल', म्हणजे बाजूला रेटा दे. प्रशिक्षकांनी सरावात 'रेडी'नंतरचा थांबा दर वेळी कमीजास्त ठेवला. आईला सांगितलं, फोन पर्समध्ये, आणि घरी जाताना गाडीत वेळ विचारायची नाही. आईला हे मुलीपेक्षा जड गेलं. दोन आठवड्यांनी ती माझ्यासमोर रडली, पण तिनं ते पाळलं.

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीनंतर मुलीचा फोन आला. वेळ मी विचारली नाही, तिनंही सांगितली नाही. "मावशी, दुसऱ्या वळणावर पाय सरकला," म्हणाली, "पण मी ताठ नाही झाले. बसलेलीच राहिले."