विझर्ड, सॉर्सरर की वॉरलॉक?

नाशिक

सप्रेम आशीर्वाद,

गंगापूर रोडवरच्या आपल्या रविवारच्या खेळात तू पाचव्या लेव्हलचे पात्र घेऊन बसणार आहेस, आणि विझर्ड, सॉर्सरर व वॉरलॉक या जादूगारांच्या तीन वर्गांपैकी सर्वांत ताकदवान कोण, असे तू विचारले आहेस. आपण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून पात्रे रंगवण्याचा खेळ २०१४च्या नियमांनी खेळतो, तेव्हा उत्तरही त्या नियमांपुरतेच देतो. कोणाचा मंत्र किती नुकसान करतो यावरून ही तुलना करू नकोस, कारण फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र विझर्डने टाकला काय किंवा सॉर्सररने टाकला काय, सहा बाजूंचे फासे आठच पडतात. कोणाला निर्णय केव्हा घ्यावा लागतो, ते पाहा.

विझर्डचा निर्णय सकाळी होतो. पाचव्या लेव्हलला त्याच्या पोथीत किमान १४ मंत्र असतात आणि बुद्धिमत्ता १८ असेल तर त्यांतले ९ दिवसभरासाठी तयार ठेवता येतात. वाटेत दुसऱ्याची पोथी हाती लागली, तर मंत्राच्या प्रत्येक पातळीमागे २ तास आणि ५० सुवर्णनाणी खर्चून तो मंत्र उतरवून घेता येतो. शिवाय पोथीतले रिच्युअल (विधीसारखे सावकाश म्हणायचे) प्रकारचे मंत्र तयार न करताही, १० मिनिटे जास्त देऊन, एकही स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याची मोजकी संधी, न खर्चता म्हणता येतात. नवखे खेळाडू ही सोय हटकून विसरतात.

सॉर्सररला याच लेव्हलला अवघे ६ मंत्र येतात आणि त्यांतला एखादा बदलायचा तर पुढच्या लेव्हलची वाट पाहावी लागते. १९७४च्या मूळ खेळात पुरोहित सोडला तर जादू करणारा वर्ग एकच होता. सॉर्सरर २००० साली तिसऱ्या आवृत्तीत आला, तोही विझर्डचीच मंत्रयादी घेऊन, म्हणून त्याला विझर्डची गरीब आवृत्ती म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. मेटामॅजिक या मंत्र फिरवण्याच्या खास कलेमुळे तो मंत्राला ऐन वेळी वळण देतो: भर दरबारात ओठ किंवा बोट न हलवता मंत्र टाकतो, किंवा तीन सॉर्सरी पॉइंट (या कलेसाठी खर्चायचे गुण) मोजून एकच ‘हेस्ट’ हा वेग वाढवणारा मंत्र दोन साथीदारांना देतो. त्यातच कॉन्स्टिट्यूशनच्या (शरीराच्या चिवटपणाच्या) बचावफेकीत तो तरबेज असल्यामुळे मार खाऊनही चालू मंत्रावरची त्याची एकाग्रता सहसा टिकते. एका बाबतीत मात्र विझर्ड सरस आहे. आपली सध्याची मोहीम पांडवलेण्यांसारख्या कोरीव गुहांतून चालली आहे आणि फायरबॉलची त्रिज्या २० फूट असल्याने साथीदार त्यात सापडणारच. इव्होकेशन या मारक मंत्रांच्या शाखेचा विझर्ड निवडक साथीदारांना पूर्णपणे वाचवतो, तर सॉर्सररच्या ‘केअरफुल स्पेल’ या मेटामॅजिकने त्यांना निम्मा मार बसतोच.

वॉरलॉकचे गणित विश्रांतीवर चालते. त्याच्याकडे दोनच स्लॉट, पण दोन्ही तिसऱ्या पातळीचे, आणि खेळातल्या तासाभराच्या शॉर्ट रेस्टनंतर ते परत मिळतात. दिवसात दोनदा अशी विश्रांती मिळाली तर तो तिसऱ्या पातळीचे सहा मंत्र टाकतो. विझर्डकडे एकूण स्लॉट नऊ असले तरी त्या पातळीचे दोनच असतात, आणि विश्रांतीत एक परत मिळवला तरी तीन. विश्रांती मिळालीच नाही, तर वॉरलॉक दोन मंत्रांनंतर ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ हा स्लॉट न लागणारा साधा मारा फेकत बसतो. आपली बैठक तीन तासांची, त्यात एकच मोठी लढाई होते आणि मग सगळे थेट रात्रीचा मुक्काम ठोकतात. डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, शॉर्ट रेस्टविषयी स्पष्ट विचारल्याशिवाय वॉरलॉक घेऊ नकोस.

 

माझे मत सॉर्सररकडे झुकते. तुला ऐन वेळी सुचते हे मी पाहिले आहे, आणि दोन रविवारांच्या मध्ये पोथीचा हिशेब ठेवण्याचा तुला कंटाळा येईल असा माझा अंदाज आहे. सहा मंत्रांची यादी शनिवारपर्यंत मला पाठव. तीत आग लावणारे दोन असतील, तर एक खोडून तिथे ‘काउंटरस्पेल’ हा शत्रूचा मंत्र मोडणारा मंत्र लिही.