साऊंडवाल्याच्या मागे उभं रहा! : रॉकवाल्यांची प्रश्नोत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की यंदा कुठला रॉक शो लाइव्ह पाहिलात आणि पुढे कुठला बघणार, तर एवढी पत्रं आलीत की अर्धी पुढच्या महिन्यावर ढकलावी लागली. 2025 सालच तसं गेलं म्हणा. जानेवारीत कोल्डप्ले, मार्चमध्ये ग्रीन डे, मेमध्ये गन्स एन' रोझेस, आणि आता नवीन वर्षात, 24-25 जानेवारी 2026 ला, महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या लोलापालूझा ह्या संगीत महोत्सवात लिंकिन पार्क. पत्रं थोडी कापून देतेय, रागावू नका.

ताई, 17 मेला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन' रोझेसला होतो. 2012 ला ते मुंबईत आलेले तेव्हा बँडमध्ये ना गिटारवाला स्लॅश ना बेसवाला डफ, म्हणून गेलोच नव्हतो, त्यामुळे ह्या वेळी काहीही होवो स्टेजसमोरच्या बॅरिकेडला चिकटायचंच असं ठरवलेलं. मे महिन्याचा उकाडा, टीशर्ट पिळून काढावा असा, पण स्लॅशची टोपी समोर दिसली आणि सगळं वसूल. फक्त एक, पुढून गाणं नीट ऐकूच येत नव्हतं, नुसता बेस छातीत आणि गायक ॲक्सलचा आवाज कुठेतरी लांबून. वर घरी आल्यावर दोन दिवस कानात सूंऽऽ. हे नॉर्मल आहे का? जानेवारीत परत जायचंय. — ठाणे

अरे, बॅरिकेडवरून बँड दिसतो, ऐकू येतोच असं नाही, आणि पैसे मोजताना हे कुणी सांगत नाही. मोठे स्पीकर स्टेजच्या दोन बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीवर. तू जिथे होतास तिथे जमिनीवर ठेवलेले बेसचे डबे तुझ्या पोटाच्या लेव्हलला, ड्रम्स थेट स्टेजवरून कानात, आणि गायकाचा आवाज तुझ्या डोक्यावरून मागे जातोय. पुढच्यांसाठी स्टेजच्या काठावर छोटे स्पीकर लावतात, पण ते त्या बेससमोर काय टिकणार!

आता जरा मागे वळून बघ. गर्दीच्या मधोमध एक तंबू असतो, त्यात मिक्सर घेऊन साऊंडवाला बसलेला असतो. तो त्याच्या स्वतःच्या कानाला जे ऐकू येतंय त्यावरच सगळं जुळवत असतो, म्हणजे अख्ख्या मैदानात गाणं सगळ्यात चांगलं कुठे वाजत असेल तर त्याच्या आसपास. त्याच्या किंचित पुढे नाहीतर लगेच मागे, तंबूच्या कठड्याला टेकून उभं रहायचं. पाठीला आधार, धक्काबुक्की कमी, आणि बहुतेकदा ही जागा साध्या तिकिटात मिळते. फार मागे गेलास तर तिथे वेगळे टॉवर असतात. आवाजाला 100 मीटर जायला साधारण 0.3 सेकंद लागतात, म्हणून त्या टॉवरमधून गाणं तेवढंच उशिरा सोडतात, नाहीतर स्टेजचा आवाज आणि टॉवरचा आवाज मागेपुढे होऊन सगळा काला झाला असता. स्क्रीनवर ड्रमरची काठी आधी पडते आणि ठोका नंतर ऐकू येतो तो ह्याच्यामुळेच, स्क्रीन बिघडलेला नसतो.

आणि कानाचं म्हणशील तर नॉर्मल म्हणजे बऱ्याच जणांना होतं एवढंच, चांगलं नाही. 85 डेसिबलला आठ तास, मग दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, असा हिशोब करतात, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं! रॉक शो 100 च्या आसपास असतोच आणि चालतो दोन-अडीच तास. विसर्जनात डीजेच्या भिंतीसमोर नाचून आल्यावर कान असेच वाजतात ना, तोच प्रकार. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे चालतील, पण नुसते कानावर चिकटवायचे नाहीत. बोटात वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं. फोममुळे गिटारची धार जरा जाते, म्हणून नेहमी जाणार असशील तर फिल्टरवाले म्युझिकचे प्लग घे, एका टीशर्टच्या पैशात येतात. पुन्हा कधी सूं आलं आणि थांबेना, तर सरळ कानाच्या डॉक्टरकडे.

ताई मी साताऱ्याची, इंजिनिअरिंग सेकंड इयर, आम्ही चौघी 25 ला लिंकिन पार्कसाठी येतोय. आई म्हणते रात्री दोनला संपेल, कुठे भटकणार तुम्ही? प्लीज आईसाठी उत्तर द्या.

आई, रात्री दोन वगैरे काही नाही हो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद, बारापर्यंतची सवलत वर्षात फार तर 15 दिवस आणि ती आपल्याकडे मुख्यतः गणपती-नवरात्रीत संपते. त्यामुळे इथे मोठ्यातला मोठा बँड दहाच्या आत गाशा गुंडाळतो. खरी कसरत दहा ते अकरामधली. महालक्ष्मीला फक्त स्लो लोकल थांबते, तीच पकडून दादरला या, फास्टच्या नादी लागू नका. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 चं महालक्ष्मी स्टेशनही सुरू झालंय, पण मेट्रो लोकलएवढी उशिरापर्यंत नसते, शेवटची गाडी आधी बघून ठेवा. गेटबाहेरच्या टॅक्सीवाल्याचा भाव ऐकून मात्र खरंच भटकावंसं वाटेल. रात्री मुंबईत कुणा नातेवाइकाकडे राहा आणि सकाळी निघा, सोमवारी 26 जानेवारी आहे, कॉलेज बुडत नाही. चौघींनी एक भेटायची जागा ठरवून ठेवा कारण तिथे फोनला रेंज नावालाच असते.

चेस्टर नाही तर लिंकिन पार्क कसलं? जावं की नाही? — कोल्हापूर

जावं. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन जुलै 2017 मध्ये वारला, त्याची जागा कुणी भरेल असं बँडही म्हणत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये गायिका एमिली आर्मस्ट्राँग आली, नोव्हेंबरात 'फ्रॉम झिरो' हा अल्बम आला, आणि मला विचारशील तर तिची किंकाळी अस्सल आहे, नक्कल नाही. जुनी गाणी ऐकताना चुकल्यासारखं वाटणारच, वाटू दे की. पण हा बँड ह्याआधी भारतात आलेलाच नाही, 23 ला बंगळुरू आणि 25 ला मुंबई एवढंच, मग घरी बसून कुढण्यापेक्षा तिथे येऊन कुढ.

आमच्या वेळी रंगभवनच्या उघड्या थिएटरात आय-रॉक हा रॉक महोत्सव असायचा. झेवियर्सच्या मागे, धोबीतलावला, चालत जायचो. हातात मोबाइल नव्हते, सगळे गात होते. आता पोरं बँडकडे पाठ करून स्वतःचाच व्हिडिओ काढतात. हे बदलणार का? — एक काका, गिरगाव

काका, नाही बदलणार! पण तुमचा हेवा वाटतो. 1986 पासूनचं आय-रॉक, म्हणजे रॉक मशीनसारखे बँड आपल्या शहरात घडताना तुम्ही पाहिले, आम्ही फक्त गोष्टी ऐकल्या. रंगभवन बंद पडलं ते मोबाइलमुळे नाही, शेजारी कामा आणि जीटी हॉस्पिटल, बाजूला कॉलेज, म्हणजे पक्का शांतता क्षेत्र. 2022 च्या नोव्हेंबरात आय-रॉक माझगावला परत भरलं तेव्हा पांढऱ्या केसांची मंडळी काळे टीशर्ट घालून आलेली, आणि खरं सांगू, त्यातले निम्मे शूटिंग करत होते. पोरांनाच का बोलायचं?

मी कॉव्हेंट्रीला असते, मूळची नाशिकची. 5 जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सब्बाथचा शेवटचा शो बघितला, प्रश्न काही नाही, फक्त कुणालातरी मराठीत सांगायचंय. त्यांचा गायक ऑझी काळ्या सिंहासनावर बसून गात होता, पार्किन्सनमुळे उठता येत नव्हतं पण उठायला बघत होता. आणि बिल वॉर्ड ड्रम्सवर, चौघे मूळचे एकत्र वीस वर्षांनी. शेजारचा दाढीवाला बाप्या लहान पोरासारखा रडत होता, मी त्याला रुमाल दिला, त्याने परत दिलाच नाही.

रुमाल गेला तर गेला! दिवसभर मेटॅलिका, स्लेअर, टूल अशी रांग, फिरतं स्टेज, म्हणजे एक बँड वाजवतोय तोवर मागे दुसऱ्याचं सामान लागतंय. ऑझीची स्वतःची पाच गाणी आणि मग सब्बाथची चार, बस. मी इथे रात्री जागून स्ट्रीमवर पाहिलं. 22 जुलैला तो गेला तेव्हा वाटलं की हा माणूस स्वतःच्या लहानपणीच्या मोहल्ल्यात येऊन, निरोप घेऊन मगच गेला. असंच लिहीत जा गं, प्रश्न नसला तरी.

बाबांना गुडघ्याचा त्रास आहे आणि ते ब्रायन ॲडम्सचे जबरी फॅन. त्यांना उभं रहायला न लागता कुठला शो? — नागपूर

रेसकोर्ससारख्या मैदानावरचं काही नको, तिथे उभंच. स्टेडियम निवड, पण स्टँडचं तिकीट घे, 'फ्लोअर' म्हणजे बहुतेकदा उभं. जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटीलला कोल्डप्लेसाठी स्टँडमध्ये आजी-आजोबा पाहिलेत मी, हातातला दिव्यांचा पट्टा लाल-निळा झाला की लहान मुलांसारखे हात वर करत होते. जिने मात्र असतात, त्यामुळे रांग कमी असते तेव्हा, लवकर जा.

इन्स्टावर एक जण 25 तारखेचा पास निम्म्या किमतीत देतोय, क्यूआरचा फोटो पाठवतो म्हणाला. घेऊ का? — पिंपरी

नको! तोच फोटो तो अजून दहा जणांना पाठवेल, गेटवर पहिला जो स्कॅन करेल तो आत आणि बाकी बाहेर. कोल्डप्लेच्या वेळी ब्लॅकमध्ये लाखांचे आकडे ऐकलेच असशील, तेव्हा निम्म्या किमतीत कुणी दानधर्म करत नसतो रे.