एकच एमआरआय, आकडे मात्र दोन

प्रश्न : माझे वडील (वय 63) सोलापुरात चादरींच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करत असत. हृदय कमकुवत झाल्यामुळे त्यांचा हृदयाचा एमआरआय काढला. येथील अहवालात इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयाच्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण) 35 टक्के आले. त्याच तपासणीची सीडी पुण्याला दाखवली, तर तेथील सॉफ्टवेअरने 42 टक्के सांगितले. चित्रे तीच असताना आकडा बदलतो कसा, आणि खरा कोणता मानावा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमची अस्वस्थता रास्त आहे. पुरेसा काळ योग्य औषधे घेऊनही हे प्रमाण 35 किंवा त्याहून कमी राहिले, तर छातीत आयसीडी हे, जीवघेणे अनियमित ठोके विजेच्या झटक्याने थांबवणारे यंत्र बसवण्याचा विचार होतो. त्यामुळे सात टक्क्यांचा फरक क्षुल्लक म्हणता येत नाही.

एमआरआय यंत्र हा आकडा स्वतः मोजत नाही. ते हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या, झडपेपासून टोकापर्यंतच्या आडव्या कापांची हलती चित्रे देते. प्रत्येक कापात रक्त आणि स्नायू यांच्यामधली कड आखायची, आतले क्षेत्रफळ दोन कापांमधल्या अंतराने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची, अशी ही रीत आहे. कप्पा पूर्ण भरलेला असताना आणि पूर्ण आकुंचन पावल्यावर अशी दोनदा बेरीज केली की किती टक्के रक्त बाहेर पडले ते कळते. सॉफ्टवेअर कड झटपट आखते, पण ती कोठे आखायची हा निर्णय त्यालाही घ्यावाच लागतो.

सर्वाधिक घोटाळा होतो तो झडपेजवळच्या कापात. आकुंचनाच्या वेळी झडप खाली सरकते, आणि मघाशी खालचा कप्पा दाखवणाऱ्या कापात आता वरचा कप्पा दिसू लागतो. समजा, भरलेला कप्पा 180 मिलिलिटरचा आणि आकुंचन पावलेला 117 मिलिलिटरचा आहे; म्हणजे 35 टक्के. काप एकेक सेंटीमीटरवर असून या वादग्रस्त कापाचे क्षेत्रफळ 12 चौरस सेंटीमीटर असेल आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरने तो वगळला, तर 117 चे 105 होतात आणि उत्तर जवळजवळ 42 टक्के येते. तुमच्याकडे हेच घडले असे मी चित्रे न पाहता म्हणणार नाही, पण एवढा फरक एका कापाने पडू शकतो. कप्प्यातले झडपेला आधार देणारे स्नायू रक्तात धरले की वगळले, यानेही आकडे हलतात. ठोके अनियमित असतील, तर मुळात चित्रेच धूसर येतात.

‘तज्ज्ञांच्या मापनाशी उत्तम सहसंबंध’ (म्हणजे दोघांचे आकडे बरोबरीने वाढतात-घटतात) एवढ्यावर सॉफ्टवेअर विश्वासार्ह ठरत नाही. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी 1986 मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवले होते की सहसंबंध म्हणजे एकमत नव्हे, एखादे साधन प्रत्येक वेळी पाच टक्के जास्त दाखवत असले, तरी सहसंबंध परिपूर्ण येऊ शकतो. फरक सरासरी किती आणि तो कोठवर पसरतो, हे विचारावे लागते.

म्हणून दोन्हींतला सोयीचा आकडा निवडू नका आणि औषधे स्वतःहून बदलू नका. फिल्म नव्हे, तर मूळ डायकॉम (वैद्यकीय चित्रे साठवण्याचा प्रमाणित डिजिटल प्रकार) चित्रांची सीडी घेऊन हृदयाचे एमआरआय नियमित वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे जा आणि दोन्हीकडच्या आखलेल्या कडा त्यांना शेजारी शेजारी ठेवून तपासायला सांगा. या कडा प्रत्येक अहवालासोबत दिल्याच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. पुढची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात आणि त्याच पद्धतीने मोजून घ्या. नाहीतर वडिलांचे हृदय सुधारले की केवळ आखणी बदलली, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.