'तो त्रास', नऊ वेळा

"ताई, वय ४१. साताऱ्यात राहते, पतसंस्थेत कॅशियर आहे. तीन वर्षं झाली, ओटीपोटात डावीकडे कळा येतात. सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर जास्त. तो त्रास होऊन गेला की तासभर बरं वाटतं, पुन्हा सुरू. तीन डॉक्टर झाले. सोनोग्राफी तीनदा, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. एकांनी अमिबा म्हणून दोनदा कोर्स दिला. एक म्हणाले, टेन्शन घेऊ नका. भाचीने नेटवर वाचून सांगितलं, आयबीएस असेल, म्हणजे आतड्याची चाल बिघडायचा आजार. दूध, गहू, तूरडाळ, वांगं सगळं बंद केलंय, पेज आणि मुगाच्या खिचडीवर आहे. आमचे हे खूप करतात. दर वेळी रजा काढून सोबत येतात, फाइल सांभाळतात, डॉक्टरांशीही तेच बोलतात, मला काही बोलावं लागत नाही. घरात आता सगळे म्हणतात, तुझं मनाचं आहे. खरंच माझं डोकं बिघडलंय का?" (पत्र बरंच मोठं होतं, छोटं केलंय.)

अगं, डोकं जागेवर आहे तुझं. जीभ जागेवर नाही.

तुझं पत्र चार पानी. मी ते पेन्सिल घेऊन दोनदा वाचलं. 'तो त्रास' हे शब्द नऊ वेळा आले. एकदा 'तिकडे जाऊन आले की' असं आलं, एकदा 'सकाळचं ते'. संडास, शौच, जुलाब, खडा, यातलं काही म्हणजे काही नाही. मला, एका अनोळखी बाईला, नाव न टाकता लिहिताना तुला तो शब्द लिहवला नाही. मग पांढऱ्या कोटातल्या माणसासमोर, शेजारी नवरा बसलेला असताना, तू काय बोलली असशील हे मला वेगळं सांगायला नको. ते तूच लिहिलंस, अगदी जाता जाता: 'मला काही बोलावं लागत नाही.'

तुझ्या मिस्टरांचं कौतुक तू चार ठिकाणी केलंयस. असतील ते भले. मला सध्या त्यांच्या भलेपणाशी काही देणंघेणं नाही. ते केबिनमध्ये शिरतात, फाइल टेबलावर ठेवतात, रिपोर्ट तारीखवार लावलेले असतात आणि ते सांगायला लागतात, 'हिच्या पोटात दुखतं.' बरं, पुढे? सकाळी तू किती वेळा जातेस, घाई होते की कुंथावं लागतं, गेल्यावर मोकळं वाटतं की राहिल्यासारखं वाटतं, चिकट आव पडते का, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? दार तर तू आतून लावून घेतेस.

आता ऐक. हा आयबीएस आहे की नाही हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण तो ठरवतात कसा, हे मला माहीत आहे, आणि तिथेच तुझं अडलंय. पोटाचे डॉक्टर त्यासाठी 'रोम निकष' वापरतात, त्यांची चौथी आवृत्ती २०१६ ची. दुखणं निदान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेलं असावं, आणि गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी दुखत असावं. शिवाय तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: दुखण्याचा संडासला जाण्याशी संबंध, जाण्याच्या वेळा कमीजास्त होणं, आणि शौचाचं रूप बदलणं, म्हणजे घट्ट की पातळ. वाचलंस? तिन्ही गोष्टी त्या एकाच शब्दाभोवती फिरतात, आणि तोच शब्द तू तीन वर्षं गिळून बसलीयस. सोनोग्राफी तीनदा काय, तीसदा केलीस तरी हे त्यात येणार नाही. आयबीएसमध्ये आतड्याची ठेवण नीट असते, चाल बिघडलेली असते. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं हलतंच, तुझं, माझं, सगळ्यांचं. काहींच्या आतड्याला ते हलणं फार लागतं आणि कळ येते. मेंदू आणि आतडं यांच्यात सारखी ये-जा असते, म्हणून काळजीच्या दिवसात ते वाढतंही. पण वाढतं म्हणजे खोटं असतं, असं नाही. घरच्यांना हे सांगायचं तर सांग, मला त्यात फार वेळ घालवायचा नाही.

माझी एक गोष्ट सांगते. पन्नाशीच्या आसपास मी एका दवाखान्यात गेले आणि म्हटलं, 'डॉक्टर, पोट बिघडलंय हो.' त्यांनी मान डोलावली, गोळ्या दिल्या. दोन दिवस घेतल्या, पोट दगडासारखं झालं. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले, तर तो पोरगा म्हणाला, 'मावशी, या जुलाब थांबायच्या गोळ्या आहेत.' मला पाच दिवस झालेलंच नव्हतं! चूक कोणाची? डॉक्टरांनी विचारायला हवं होतं, कबूल. पण 'बिघडलंय' हा शब्द निवडला होता मी, कारण बाकावर पलीकडे आमच्याच सोसायटीतले कुलकर्णी बसले होते आणि केबिनचं दार अर्धं उघडं होतं.

आपल्या भाषेत या एका गोष्टीला केवढी नावं! परसाकडे, बाहेर, तिकडे, दोन नंबर, पोट साफ. आणि डॉक्टरला हवं ते नेमकं एकातही नाही. तुला तोंडाने जमतच नसेल तर त्यावरही तोड आहे. १९९७ साली इंग्लंडात ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी एक तक्ता प्रसिद्ध केला. शौचाचे सात प्रकार, चित्रांसकट. पहिला शेळीच्या लेंड्यांसारखा, सातवा नुसतं पाणी. जगभर वापरतात. त्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, 'सकाळी हा, दुपारी हा.' बोट तरी उचलशील ना?

आणि हे फक्त आयबीएसपुरतं नाही, म्हणून मी एवढी चिडलेय. रक्त पडतं का? झोपेतून दुखण्याने किंवा घाईने उठावं लागतं का? ताप येतो का? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का? यातलं एक जरी 'हो' असेल, तर डॉक्टर वेगळ्या वाटेने तपास करतात आणि तिथे उशीर परवडत नाही. पाळीच्या दिवसांत कळा वाढतात का? वाढत असतील तर गर्भाशयाकडचंही पाहावं लागतं. नवऱ्याने हे सांगितलं असेल, असं तुला वाटतं? वजन उतरलंय का, हाही त्यातलाच प्रश्न. पण पेजेवर जगणाऱ्या बाईचं वजन आजाराने उतरलं की पेजेने, हे कोण ओळखणार? गव्हाचंही तसंच. गहू सोसत नाही असा एक आजार असतो, सिलिॲक, त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच खरी निघते. तू गहू सोडून बसलीस आणि कुणाला सांगितलंही नसशील. पथ्याचा उपाय आहे, नाही असं नाही, पण तो जाणकाराच्या देखरेखीखाली काही आठवडे करायचा आणि मग एकेक पदार्थ परत ताटात आणायचा. जन्मभराचा उपास नव्हे तो.

औषधांचंही तेच. पोटाला पीळ पडतो तो सैल करायच्या गोळ्या आहेत, इसबगोल आहे, आणखीही आहेत. पण कुणाला काय द्यायचं हे जुलाब जास्त की बद्धकोष्ठ जास्त यावर ठरतं, आणि ते सांगायचं कुणी?

तू कॅशियर आहेस. संध्याकाळी कॅश टॅली करताना दहा रुपयांचा फरक आला तर तू उठतेस का खुर्चीवरून? शिपायाने सांगितलेला आकडा लिहून मोकळी होतेस का? मग स्वतःच्या पोटाचा हिशोब दुसऱ्याच्या तोंडून कसा चालवून घेतलास?

एकच काम सांगते. पुढच्या वेळी केबिनमध्ये एकटी जा.

त्याआधी दोन आठवडे एक छोटी वही कर, तुझ्या कॅशबुकासारखी. तारीख, वेळ, किती वेळा, तक्त्यातला कितवा प्रकार, कळ संडासला जायच्या आधी की नंतर, काय खाल्लं होतं, पाळी होती का. फाइल तीच ने, पण तुझ्या हातात. मिस्टरांना म्हण, 'तुम्ही बाहेर बाकावर बसा, आज मी बोलते.' त्यांना वाईट वाटलं तर वाटू दे. 'का? मी काही चुकीचं सांगतो का?' असं विचारतील. 'चुकीचं नाही, अपुरं,' एवढंच म्हण आणि दार लावून घे. ते दार तुला छान लावता येतं.

आत गेल्यावर पहिलं वाक्य हे: 'डॉक्टर, दुखणं संडासशी जोडलेलं आहे, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.' जड वाटेल, ठाऊक आहे. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मिक्सर लाव आणि त्या आवाजात मोठ्याने पाच-सहा वेळा म्हणून बघ. चटणी होईल तोवर जीभ वळेल.

काय ठरलं ते मला कळव. पेन्सिल टोकदार करून ठेवलीय. 'तो त्रास' दिसला तर पत्र परत पाठवीन.